दोन युद्धं आणि एक फिरती खुर्ची

“या वेळी असा न्याय करतो, की दोन्हीकडचे लोक माझा फोटो भिंतीवर लावतील!” समीक्षकानं रविवारी सकाळी जाहीर केलं.

“नेम धरायला?” बायकोनं विचारलं.

ती दंतवैद्य होती. नेमक्या ठणकत्या जागी बोट ठेवायची तिला सवय होती, आणि घरात ती भूलही देत नसे!

समीक्षक एका साप्ताहिकात संगणकावरच्या खेळांची परीक्षणं लिहायचा. तीन महिन्यांपूर्वी एकाच आठवड्यात दोन ऑनलाइन युद्धखेळ बाजारात आले, ‘रणधुमाळी’ आणि ‘शेवटचा खंदक’. दोघांचं हाडवैर, आणि दोघेही पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले. ‘रणधुमाळी’तले रणगाडे फुग्यासारखे आभाळात तरंगायला लागले. ‘खंदक’चा सर्व्हर असा बसला, की निम्मं सैन्य ‘कृपया थांबा’ या पाटीसमोरच धारातीर्थी पडलं! समीक्षकानं तरंगत्या रणगाड्यांना ‘बाळदोष’ म्हणून माफ केलं आणि ‘खंदक’ला मात्र धोबीघाटावर नेऊन बडवलं. झालं! खंदकवाले चाहते चवताळले. संपादकबाईंनी त्याला समोर उभा केला.

“दोन्ही कंपन्यांनी दुरुस्त्या केल्यात. पुन्हा खेळ, पुन्हा लिही. या वेळी पारडं झुकलं, तर तुझी बदली शब्दकोड्यांच्या पानावर!”

पण त्याला खरं बोचलं होतं ते एक पत्र. ‘खंदक’ बनवणाऱ्यांपैकी एकीनं लिहिलं होतं, “आम्ही अकरा जण आहोत. चुका आमच्याच. पण मोजपट्टी दोघांना एकच लावायची होती.” हे पत्र त्यानं चार वेळा वाचलं होतं. चारही वेळा त्याला पाणी प्यावं लागलं.

म्हणून तर हा बेत! दोन सारखे संगणक शेजारी शेजारी, मध्ये एक फिरती खुर्ची. दहा मिनिटं डावीकडे, दहा मिनिटं उजवीकडे. नाहीतर एका खेळाला ताजा मेंदू आणि दुसऱ्याला शिळा मिळायचा! शिवाय कुठला खेळ कुठे आहे, हे त्याला कळताच कामा नये. खेळ सुरू करायचं काम बायकोकडे. तिनं दोन्हीकडे तिच्या मते योग्य ती बटणं दाबली, पडद्यांवर जिथं जिथं नाव दिसलं तिथं दवाखान्यातली चिकटपट्टी लावली, आणि “मी भाजी घेऊन येते, डावा ‘अ’ आणि उजवा ‘ब’” असं सांगून ती गेली.

समीक्षकानं डाव्या संगणकाचा हेडफोन कानाला लावला, गजर लावला आणि डावीकडे वळला. नदी, पूल, पलीकडच्या काठावर तंबू. एका तंबूपाशी शत्रूचा एक शिपाई खांबासारखा उभा! समीक्षकानं त्याला टिपला. तो पुन्हा जिवंत होऊन तिथंच उभा राहिला. पुन्हा टिपला!

“‘अ’मधला शत्रू मठ्ठ आहे,” समीक्षक मोठ्यानं बोलून फोनवर टिपण करू लागला. “तीनदा मेला, तरी हलत नाही. आपला सेनापतीही बैलोबाच. नुसता घसा फाडतोय!”

“बैलोबा कुणाला म्हणालास रे?” कानात एक खरखरीत आवाज आला.

“वा!” समीक्षक खूश झाला. “‘अ’मधली पात्रं आपण बोललेलं ओळखून उत्तर देतात! दोन गुण जास्त!”

गजर वाजला. गर्रकन खुर्ची उजवीकडे! इथंही नदी, इथंही पूल. “दोन्ही कंपन्यांनी एकमेकांचा पूल चोरलाय,” त्यानं नोंद केली. पण त्याचा शिपाई आडवा पडला होता. पडद्यावर हिशेब होता, मरण तीन वेळा! “‘ब’ फारच क्रूर आहे. पाठ वळली की गोळी! शत्रूचा नेम मात्र वाखाणण्यासारखा.”

असं तो दीड तास गरगरत राहिला. डावीकडे शूर, उजवीकडे शहीद! डोकं भोवऱ्यासारखं झालं, पण पारडं सरळ होतं याचं त्याला कोण समाधान!

तेवढ्यात घराची घंटा वाजली. पुढच्या दाराला कालच लाल रंग दिला होता.

“पुढून नको!” समीक्षक बसल्या जागेवरून ओरडला. “पुढे ओलं आहे! मागून आत या, मागचं दार उघडंच आहे!”

“ऐकलंत का?” कानातला सेनापती गरजला. “मागून चला रे!”

‘अ’चं अख्खं सैन्य पूल सोडून वळसा घालून धावलं. गजर झाला, समीक्षक उजवीकडे वळला, तर काय! ‘ब’च्या छावणीत मागच्या बाजूनं शत्रू घुसलेला, तंबू पेटलेले, सगळा खेळ खलास! त्यानं झरझर लेख लिहिला, ‘दोन्ही खेळांत जमीन-अस्मानाचा फरक आहे! ‘अ’मध्ये डावपेच, ‘ब’मध्ये नुसती कत्तल,’ आणि बायको भाजी ठेवून खोलीत येईपर्यंत संपादकबाईंना पाठवूनही दिला.

“झाला न्याय?”

“तोळामासा इकडे नाही की तिकडे! आता नावं उघड कर.”

बायकोनं डावीकडची पट्टी टर्रकन ओढली. ‘शेवटचा खंदक’. मग उजवीकडची ओढली.

‘शेवटचा खंदक’.

समीक्षकानं खुर्ची एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून दोन्ही नावं पुन्हा वाचली.

“दोन्हीकडे तेच शिरस्त्राणाचं चित्र होतं रे,” ती म्हणाली. “मला वाटलं, युद्धखेळांना शिरस्त्राणच असतं!”

“म्हणजे तो तंबूपाशी खांबासारखा उभा...”

“तूच असशील.”

“पण दोन्हीकडे एकच लढाई कशी?” समीक्षक कळवळला.

“सध्या एकच चालते,” हेडफोनमधून तो खरखरीत आवाज आला. माइक सकाळपासून चालूच होता! “खेळायला येतात किती? म्हणून आम्ही अकरा जणच रोज बसतो, आलेल्याला निदान सोबत तरी मिळावी. तुमचा ‘न्याय’ ऐकूनच तुम्हाला ओळखलं, मी ते पत्र लिहिणारी. आणि बैलोबाही मीच. सर्दी झाल्ये.”

समीक्षकाचा चेहरा पुढच्या दारासारखा झाला, लालभडक आणि ओला!

“चुकलं माझं,” तो पुटपुटला. “तेव्हाही आणि आत्ताही.”

“ते राहू द्या. खेळ कसा वाटला? ‘अ’, ‘ब’ नको. खरं सांगा.”

त्यानं क्षणभर विचार केला. “मजा आली,” तो म्हणाला. “मरतानाही.”

पलीकडून अकरा जणांचा हसण्याचा आवाज आला.

त्यानं लेख मागे घेतला. मग ‘रणधुमाळी’ तितकाच वेळ खेळला, त्यातले रणगाडे आता जमिनीवर आहेत हेही लिहिलं, आणि स्वतःला स्वतःच सात वेळा कसं मारलं ते काहीही न लपवता छापलं. आठवड्यानं संपादकबाईंचा फोन आला. समीक्षकानं पहिल्याच घंटेला उचलला.

“अभिनंदन! पत्रांचा ढीग आलाय. रणधुमाळीवाले आणि खंदकवाले, दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालंय!”

“खरंच?” समीक्षकाची मान ताठ झाली. “माझ्या निकालावर?”

“नाही रे. तुला खेळता येत नाही, यावर!”