डोकं स्थिर ठेवण्याचा घरगुती उपाय

माझा गोल्फचा स्विंग, म्हणजे काठी फिरवण्याची ढब, यापुढे मी स्वतःच तपासणार, कुणाकडे शिकायला म्हणून जाणार नाही, हा निर्णय मी एका मंगळवारी पावाला लोणी लावता लावता घेतला. माझे बहुतेक घातक निर्णय लोणी लावतानाच झालेत. (लग्नाचा अपवाद. तो मोरॅगने घेतला होता.)

खरं तर शिकवणारी घरातच होती. मोरॅग आमच्या क्लबात बायकांना गोल्फ शिकवते. पण बायकोपुढे काठी धरून उभं राहायचं आणि "गुडघे वाकव" ऐकून घ्यायचं, यापेक्षा मी पाणीपुरवठा खात्यात आणखी वीस वर्षं कारकुनी करीन.

भानगड होती शनिवारच्या वार्षिक जोडीच्या सामन्याची. यात चेंडू एकच. एक फटका माझा, पुढचा मोरॅगचा. बारा वर्षं मी चेंडू पिवळ्या काटेरी झुडपात घालतोय आणि मोरॅग तो बाहेर काढतेय. आमच्या फाइफ परगण्याच्या किनाऱ्यावर झुडपातून तिच्यासारखा चेंडू काढणारं दुसरं कुणी नाही, असं लोक म्हणतात. (तिला इतका सराव कुणी दिला, हे कुणी विचारत नाही.) आणि तरीही आम्ही दरवर्षी शेवटून पहिले.

"यंदा शेवटचे आलो ना हेक्टर, तर पुढल्या वर्षी मी ड्रमंडबरोबर खेळणार," मोरॅगने सांगून टाकलं.

ड्रमंड म्हणजे गावचा दंतवैद्य. विधुर, उंच, आणि स्वतःचे सगळे दात शाबूत.

संध्याकाळी मोरॅग बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघरात पावाच्या डब्याला टेकून फोन उभा केला आणि स्वतःचं चित्रण केलं. मला वाटायचं, मी ऐटीत काठी फिरवतो. पडद्यावर एक पोट सुटलेला गृहस्थ मधमाशी हाकलत होता! चारदा पाहिल्यावर रोग सापडला. फटका मारताना माझं डोकं खाली जात होतं.

डोकं स्थिर हवं. पण धरणार कोण? मी वर पाहिलं. आमच्याकडे छताला कपडे वाळवायची लाकडी चौकट टांगलेली असते, दोरीने वर-खाली होणारी. तिला आम्ही पुली म्हणतो. तिच्यावर शनिवारच्या जेवणासाठी धुतलेले क्लबचे टेबलक्लॉथ वाळत होते. मी हनुवटीखालून डोक्यावर मफलर घट्ट आवळला आणि ड्रेसिंग गाऊनच्या नाडीने तो पुलीला बांधला. डोकं खाली गेलं की नाडी ओढणार. असा शिक्षक, तोही गप्प बसणारा, मला कुठे मिळाला असता?

पहिला स्विंग उत्तम. दुसरा त्याहून उत्तम. तिसऱ्याला मी जरा जोर लावला.

नाडी भक्कम निघाली. छताचा खिळा निघाला नाही. म्हणजे, भक्कम निघाला नाही. तो निघाला. पुली धाडकन खाली आली, तिचं एक टोक शेगडीवरच्या बार्लीच्या सूपमध्ये बुडालं, आणि पाच ओल्या टेबलक्लॉथांखाली मी जमिनीवर बसलो. नेमकं तेव्हाच दार उघडलं.

"मोरॅग, तुझ्या घरात तंबू आहे," ड्रमंडचा आवाज आला. तो तिची काठ्यांची पिशवी पोचवायला आला होता.

"त्या तंबूत माझा नवरा आहे," मोरॅग म्हणाली. "हेक्टर, काय करतोयस?"

"स्विंग तपासतोय."

"मग? कसा आहे?"

"मान आखडली," मी कापडातून म्हणालो.

"दातांचं काही असलं तर सांग रे बाबा," ड्रमंड फार आपुलकीने म्हणाला.

शनिवारी मान तशीच होती, खुंटासारखी. डोकं हलवायचं म्हटलं तरी हलेना. मी काठी फिरवली आणि चेंडू सरळ, मऊ हिरवळीच्या अगदी मधोमध! मला तर रडूच आलं. दुसऱ्यांदाही तसंच. तिसऱ्यांदाही.

मोरॅग चेंडूपाशी जाई आणि बघत राही. शिकवण्याचं सोडा, पण या सामन्यात बारा वर्षांत तिला सपाट गवतावरून दुसरा फटका मारायची वेळच आली नव्हती. पायात काटा नाही, कमरेपर्यंत झाडोरा नाही. तिने झुडपातल्यासारखी काठी हाणली. पहिल्यांदा मातीचं ढेकूळ लांब गेलं, चेंडू जागेवर. दुसऱ्यांदा चेंडू समुद्रात गेला. आम्ही शेवटचे आलो.

"बिचारी," ड्रमंड मला बाजूला घेऊन म्हणाला. "कुठे नेऊन सोडलंस रे तिला!"

मोरॅगबरोबर घरी आलो. मी ड्रमंडचं नाव ऐकायची तयारी ठेवली होती. कोट काढता काढता ती म्हणाली, "पुढल्या वर्षी तूच खेळायचंस माझ्याबरोबर. पण चेंडू झुडपात घाल. पहिल्यासारखा."

इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता. त्या दिवसापासून ऑफिस सुटलं की मी मैदानावर जातो आणि झुडपांवर नेम धरतो. मान कधीच सुटली, पण डोकं हलायचंच विसरलंय. चेंडू आपला सरळ जातो.

काल मोरॅग मागे येऊन उभी राहिली. तिने दहा-बारा फटके शांतपणे पाहिले आणि सुस्कारा सोडला.

"अरे हेक्टर, तुला धड वाईटसुद्धा खेळता येईना का?" ती म्हणाली. "चल, गुडघे वाकव."