भोंग्यावरचं नाव

चामोर्शीच्या आठवडी बाजारात आमच्या शेजाऱ्याकडून मासे घ्यायचे असतील, तर त्याला खऱ्या नावाने हाक मारून उपयोग नाही. "डोमा, रोहू कशी दिली?" असं कुणी विचारलं, की तो गॉगल नीट करतो आणि पलीकडच्या कांदेवाल्याकडे बघत बसतो. "विक्रमराज" म्हटलं, तर मात्र पिशवीत मूठभर झिंगे वरून पडतात.

विक्रमराज हे त्याचं नाटकातलं नाव. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी नाटकं सुरू झाली, की तो जाळं खुंटीला टांगतो आणि नाटक कंपनीबरोबर फिरतो. भूमिका लहानच. हवालदार, मुनीम, नाहीतर दुसऱ्या अंकात मरणारा मोठा भाऊ. मरतो मात्र मन लावून. एकदा पडदा पडला तरी त्याचं मरण संपलं नव्हतं. पडद्याखालून पाय हलताना लोकांनी पाहिले.

मी कमी बोलते. शाळा इंग्रजी, त्यामुळे गल्लीत तोंड उघडलं की कुणीतरी हसेल ही भीती जुनी आहे. त्याला ते सोयीचं वाटतं. कंपनीतल्या नटांची प्रचारात पुकारायची यादी लॅपटॉपवर मी टाइप करून देते, तेव्हा तो समोर बसून बोलत राहतो.

"सिनेमावाले नाव काऊन बदलतेत, सांग बरं."

"लक्षात राहावं म्हणून?"

"नाई. खऱ्या नावाले कोनी तिकीट काढत नाई. डोमाले तर लोक रोज फुकटात पाहून राह्यले." मग जरा थांबून, "अन मरते तो विक्रमराज मरते. डोमाले काऊन मारायचं? माय हाये त्याले."

त्याने मलाही एक नाव दिलंय, मिस चांदणी.

"भाऊ, मी स्टेजवर कधी जाणार नाही."

"नको जाऊ. नाव तर तयार ठेव!"

त्याची आई, सखूबाई, हिची दृष्टी गेली आहे. नाटकाचा प्रचार ऑटोवर भोंगा लावून होतो आणि माइक विक्रमराजच्याच हातात असतो. दरवर्षी दुपारी ऑटो गल्लीतून गेला, की ओट्यावर बसलेली सखूबाई कानामागे हात धरून एकेक नाव ऐकायची. ऑटो वळला, की मला म्हणायची, "यंदाही डोमाचं नाव नाई आलं. बोंबलाले माझा पोरगा, अन नाटकात जागा दुसऱ्याले!"

"आजी, विक्रमराज म्हणजे तोच."

"असं कसं? नाव म्या ठेवलं त्याचं. नवसाचं हाये."

तो स्वतः सांगायचा, "माय, थो मीच ना!"

"असू दे बाप्पा. लाजू नको. पुढच्या साली भेटन तुले जागा."

हा किस्सा तो बाजारभर हसत सांगायचा. नाव बदलायचं मात्र कधी मनावर घेतलं नाही.

यंदा सखूबाईला ओट्यापर्यंतही येववेना. तिची बाज खिडकीशी सरकवली. तो यादी घेऊन आला. मी विचारलं, "तुमचं विक्रमराजच ना?"

"तेच. नियम म्हंजे नियम." जाताना दारात घुटमळला. "उद्या दुपारी मायपाशी बसशीन का थोडी?"

मी बसले. ऑटो आला. हिरो, हिरोइन, खलनायक, नाचणाऱ्या दोघी, सगळी नावं मी टाइप केलेल्या क्रमाने झाली. आता विक्रमराज. पण ऑटो खिडकीसमोर थांबला आणि इंजिन बंद झालं. भोंग्यातून नुसता श्वास ऐकू आला.

"आनि या नाटकात... सखूबाईचा डोमा."

एवढंच. ऑटो घाईघाईने सुरू झाला आणि पुढच्या गल्लीत पुन्हा जोरात "विक्रमराज" ऐकू आलं. पण तेवढ्या लांबचं सखूबाईला ऐकू येत नाही.

तिने माझा हात चाचपडत धरला. "ऐकलं ना वो पोरी? आलं."

"आलं, आजी," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला.

बराच वेळ ती हसत पडून राहिली. मग एकाएकी तिच्या कपाळावर आठी आली.

"अन थो विक्रमराज? त्याले काढलं वाटते."

मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"बिचारा," ती म्हणाली. "त्याचीही माय बसली असन कुठी कान लावून."