अंबादास अण्णांचा नारळ आणि गयाबाईंची फिल्म

नागपंचमीस गयाबाईंच्या नाकातील स्वॅब घेण्यात आला. तो निगेटिव्ह निघाला. दुसऱ्या दिवशी छातीचा सीटी स्कॅन झाला. त्याच संध्याकाळी रुग्णालयात खाट नाकारण्यात आली. जबाबदार: दारावरील कारकून, त्यास नियम पढवणारे अधिकारी, आणि नियम लिहून विसरलेले त्यांचे वरिष्ठ. चौथा जबाबदार अंबादास अण्णांचा नारळ. माझा आरोप नाही, अण्णांचाच आहे.

अण्णा परळीतले माझे शेजारी, आणि पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते अनवाणी शिवार तुडवीत. नारळ उभा राहिला की तिथे पाणी. दुष्काळात आमच्या सहकारी सोसायटीने त्यांनाच नेमले होते. बोअरमधून बहुधा फुफाटाच उडे. मी चेअरमनांस खरमरीत पत्र लिहिले, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, "वकीलसाब, पाणी हाय, पण रुसलंय."

मी वकील नव्हे. ही पदवी अण्णांनी दिलेली.

"रुसलंय याचा कायद्याने काय अर्थ घ्यायचा?"

"घरात बायकू हाय न्हवं? मंग तिला इचारा."

आतून अण्णांच्या पत्नी गयाबाई कडाडत, "गावाला पाणी न्हाई घावलं, पर माझ्या चटणीला खोबरं लई घावलं!"

फसलेला प्रत्येक नारळ त्यांच्या पाट्यावर वाटला जाई, आणि वाटीभर चटणी आमच्याकडे येई. तो दुष्काळ मला आजही त्या चवीनेच आठवतो.

पुढे साथ आली. गयाबाईंना धाप लागू लागली. डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली. दोन्ही फुप्फुसांच्या कडांना, आरशावर श्वास सोडावा तसे, पांढुरके डाग होते. अण्णा पुढे सरसावले, "काळं त्ये कोरडं, पांढरं त्ये पाणी. व्हय न्हवं?"

"आजोबा, ती विषाणूची सूज आहे. स्वॅब काहीही म्हणो, यांना ताबडतोब दाखल करा."

रुग्णालयाच्या दारावर कारकून म्हणाला, "स्वॅब निगेटिव्ह, म्हणून कोविड वॉर्डात जागा नाही. स्कॅनमध्ये डाग, म्हणून साध्या वॉर्डातही नाही."

मी कायदा सांगू लागलो. अण्णांनी पिशवीतून नारळ काढला, तळहातावर ठेवला, आणि व्हरांडाभर रिकामी खाट शोधत चालू लागले. फरशीवर टेकलेल्या गयाबाई खोकत खोकत हसल्या, "अवो, हितं पाटा न्हाई!"

नारळ उभा राहिला नाही.

सकाळी रुग्णालयाचे साहेब आले. त्यांनी तीच फिल्म पाहिली आणि खाट दिली. गयाबाई त्या खाटेवरून परतल्या नाहीत.

अण्णांनी नारळ पुन्हा हाती घेतला नाही. बोलावणे आले तर म्हणतात, "आता वळख न्हाई ऱ्हायली." ती फिल्म त्यांनी मावळतीच्या खिडकीला लावली आहे. घरात गयाबाईंचा दुसरा फोटो नाही. उन्हे कलली की अण्णा समोर बसतात आणि पांढऱ्या डागांवरून बोट फिरवतात, शिवारावरून फिरवीत तसे.

परवा न राहवून मी विचारले, "अण्णा, तुमच्या डोळ्यांत एकदाही पाणी पाहिले नाही."

त्यांनी मान वळवली नाही. "हाय, वकीलसाब. पण रुसलंय."

फिल्म संध्याकाळी होती तीच सकाळी होती. मग मधली रात्र गयाबाईंनी फरशीवर का काढली? वरील तिघांपैकी कोणीही चौकात उभे राहून, अण्णांसमक्ष, याचे उत्तर द्यावे. नारळाने आपला दोष केव्हाच पत्करला आहे.