गव्हाळ टिचक्याच्या नोंदी

निसर्गातलं सगळं आपल्याला कळतं, याबद्दल खुद्द कादंबरीकारांना तरी कधीच शंका नव्हती. सहा जाडजूड कादंबऱ्या, आणि सहाही मुखपृष्ठांवर झाडं! त्या बळावर ते एका संस्थेत दर शनिवारी सकाळी ‘निसर्ग पाहा, निसर्ग लिहा’ हा वर्ग घेत. नेमणूक हंगामी होती. यंदा ती कायम होईल अशी आशा होती आणि तिच्यावर त्यांचा फार जीव होता, कारण सातवी कादंबरी तीन प्रकाशकांनी साभार परत केली होती. ‘लेखक’ म्हणून आता कोणी हाक मारत नसे, वर्गात तेवढं ‘सर’ म्हणत. तेही गेलं असतं तर उरलं असतं ते बायकोचं ‘अहो’.

फक्त एक भानगड होती. चौथ्या कादंबरीत नायिकेला भर दुपारी एका पक्ष्याचा आवाज ऐकून रडू कोसळायचं होतं. पण माहितीपुस्तकातला एकही पक्षी सरांना हवा तसा दुपारी ओरडेना. वैतागलेल्या सरांनी मग जेवता जेवता स्वतःच एक पक्षी बनवला. नाव गव्हाळ टिचक्या, आवाज चुटकी वाजवल्यासारखा. रंग बायकोने सुचवला. नायिका मनसोक्त रडली आणि सर टिचक्याला विसरून गेले.

वर्गाला मात्र तीच कादंबरी अभ्यासाला होती. सरांनीच लावली होती.

एका शनिवारी वर्गातल्या निवृत्त पोस्टमास्तरांनी वही पुढे केली. “सर, टिचक्या दिसला. मंगळवार, सकाळी सात दहा. पाण्याची टाकी, उत्तर बाजू, वरून तिसरा पाइप.”

खरं सांगायची हीच वेळ होती. पण पोस्टमास्तरांचा चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा फुलला होता, वर्ग टाळ्या वाजवत होता, आणि सर बोलून गेले, “वा. नर की मादी?”

संपलं! पुढच्या शनिवारी वर्गातल्या नणंद-भावजयींनी जोडीच पाहिली. आयुष्यात दोघींचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट. डेंटिस्टबाईंना दवाखान्याच्या छज्ज्यावर घरटं सापडलं. महिनाभरात एकवीस नोंदी जमल्या.

“अहो, सांगून टाका त्यांना,” बायको म्हणाली.

“कायम झालो की सांगतो.”

“म्हणजे मग काढता येणार नाही, असंच ना?”

“तसं काही नाही,” सर म्हणाले. तसंच होतं.

पण नोंदी वाचून संस्थेच्या संचालिकाबाई इतक्या हरखल्या की नेमणुकीचा निर्णय घ्यायच्या दिवशी त्या एका खऱ्याखुऱ्या पक्षीतज्ज्ञांनाच घेऊन वर्गात आल्या. यांनी चारचौघांत वाभाडे काढण्यापेक्षा आपणच बोललेलं बरं, असा विचार करून सर उभे राहिले.

“गव्हाळ टिचक्या नावाचा पक्षीच नाही. तो मी बनवलाय. जेवताना.”

मग पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं, “सर, तुम्ही स्वतः कधी पाहिलाय का तो?”

“कसा पाहणार? तो नाहीच आहे.”

“म्हणजे नाही पाहिला.” पोस्टमास्तरांनी एकवार सगळ्यांकडे पाहिलं. “आम्ही पाहिलाय.”

“सर घरी बसून लिहितात ना, त्यामुळे,” नणंद समजुतीने म्हणाली.

“नजर जाते,” भावजयीने दुजोरा दिला. हे त्यांचं दुसरं एकमत.

तज्ज्ञ वह्या चाळत होते. आता हेच काय ते सोडवतील म्हणून सरांनी आशेने त्यांच्याकडे पाहिलं.

“पक्षी कोणता, ते पाहिल्याशिवाय नाही सांगता येणार,” तज्ज्ञ म्हणाले. “असेल एखादा साधाच. पण नोंदी फार नेमक्या आहेत. या पाइपच्या विशेषतः. कोणाच्या आहेत?”

झालं, कायम नेमणूक पोस्टमास्तरांना मिळाली. संचालिकाबाई मनाने चांगल्या, त्यांनी सरांना वर्गात बसायची परवानगी दिली. सरांना फार लागलं. आयुष्यात एकदाच धीर करून खरं बोललो आणि तेच नडलं, म्हणून चार दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. पण शनिवार उजाडला तसं घरात बसवेना. गेले.

टाकीखाली अख्खा वर्ग माना वर करून उभा होता. “तो बघा, सर,” पोस्टमास्तरांनी बोट दाखवलं. सरांना पाइप दिसला. त्यांनी चष्मा पुसला. आता तोच पाइप स्वच्छ दिसला.

“दिसला का?”

सगळे त्यांच्याकडेच पाहत होते. एवढ्या माणसांत आपल्या एकट्यालाच दिसू नये, हे काही सरांना सोसवेना.

“दिसला,” ते म्हणाले. मग वही उघडून त्यांनी चौथ्या कादंबरीतला तो अख्खा परिच्छेद, पाठ होता तसा, स्वल्पविरामांसकट उतरवून काढला.

पुढच्या शनिवारी वही तपासून परत आली. खाली पोस्टमास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात शेरा होता: ‘वर्णन पुस्तकी वाटते. प्रत्यक्ष पाहून पुन्हा लिहावे.’