मेश्राम मॅडमचे डेसिबल

आमच्या मेश्राम मॅडम भाषण ऐकत नाहीत, मोजतात. कोणी माईकसमोर उभं राहिलं की डोळे मिटतात आणि शेजारच्याला हळूच आकडा सांगतात. "बावीस." तो बिचारा घड्याळ बघतो.

त्या भंडाऱ्याच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात, मी मराठी. वरठीत आमची घरं समोरासमोर. सिग्नल-टू-नॉइज रेशो हा त्यांचा लाडका विषय. माझ्या बायकोनं एकदा भाजी निवडताना सहज विचारलं, "मॅडम, हे असते तरी काय?" त्या दिवशी आमच्याकडे भाजी झाली नाही.

"सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. "साइन वेव्ह म्हंजे एकच सूर. आपणच पाठवतो, म्हणून तो कसा आहे हे आपल्याले पक्कं माहीत असते. पलीकडून जे आलं, त्यातून तो सूर काढून घ्या. उरला तो नॉइज. तांदळातले खडे निवडल्यावानी. आता सुराच्या लाटेची उंची दोनच्या वर्गमुळानं भागा, वर्ग करा. ही सिग्नलची ताकद. नॉइजचीबी काढा. भागा, लॉग घ्या, दहानं गुणा. झाले डेसिबल."

"एवढं करून भेटते काय?"

"समाधान," मॅडम म्हणाल्या.

स्नेहसंमेलनात प्राचार्य बोलायला उठले आणि स्पीकर नेहमीसारखा घरघरायला लागला. मॅडम थेट स्टेजवर. "सर, दोन मिनिटं." मोबाइल जोडून त्यांनी हॉलभर एक लांबलचक 'टूंऽऽ' सोडली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. लॅपटॉपवर हिशोब करून मॅडमनी शांतपणे निकाल सांगितला, "चोवीस. सर, तुमाले कोणी ऐकून नाही राहिलं."

माईकची वायर विजेच्या वायरसोबत गुंडाळलेली निघाली. ती सुटी केल्यावर आकडा पन्नाशीपार गेला आणि प्राचार्यांचं भाषण पहिल्यांदाच शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोचलं. त्यात काही नसतं, हे शेवटच्या रांगेला त्या दिवशी कळलं.

मॅडमचे यजमान प्रभाकरभाऊ. त्यांची स्वतःची राइस मिल होती. उभा जन्म मशीनच्या धडधडीत गेला, त्यात कान गेले. मिल विकली आणि भाऊ घरी बसले. सुरुवातीला चौकात चहाला यायचे. "जेवण झालं का?" विचारलं तर म्हणायचे, "हो, भंडाऱ्याले." लोक हसायचे. मग त्यांनी चौकात येणंच सोडलं. डॉक्टरनं कानाचं मशीन दिलं होतं, तेही कपाटात पडून होतं.

माझ्या मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं तेव्हा आमंत्रण द्यायला मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. आत पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या लावलेल्या. कानात मशीन घातलेले भाऊ डोळे मिटून बसले होते. समोर मॅडम, हातात सूर काढायची लहानशी पेटी. एक सूर वाजला, भाऊंनी बोट वर केलं. दुसरा त्याहून बारीक वाजला, बोट खालीच राहिलं. मॅडमनी बटण फिरवून सूर खाली आणला. बोट वर.

मला पाहून त्यांनी खुर्ची ओढली. "यायले बारीक आवाज येत नाही, जाड येते. मशीन लावलं का पंखा अन् फ्रिजच मोठा होते, म्हणून काढून फेकायचे. आता मी आधी घर चूप करतो, मग बोलतो."

मग भाऊंकडे वळून त्या जाड, संथ आवाजात म्हणाल्या, "सरांच्या पोरीचं साक्षगंध आहे."

"पोरगा कुठचा?" भाऊंनी मला विचारलं.

मीही आवाज खाली आणला. "नाकाडोंगरीचा."

भाऊंचा चेहरा उजळला. "मंग तांदूळ जास्त घ्या. त्या गावचे लोक जेवते बहुत." आणि ते सुरूच झाले. नाकाडोंगरीचा एक शेतकरी मिलवर धान घेऊन आला आणि मशीन चालू असताना पोत्यांवरच झोपला, ती गोष्ट. मध्येच त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. मी घामानं भिजलो होतो, पण उठावंसं वाटत नव्हतं.

ही गोष्ट मॅडमनी लग्नापासून कितीदा ऐकली असेल, कोण जाणे. तरी भाऊ दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांच्याकडे झुकून त्या म्हणाल्या, "मंग, तो उठला कधी?"