संबंधसेतू, आवृत्ती तिसरी (सुधारित)

राज्याची प्रगती त्याच्याकडची माहिती किती शिस्तीत आहे यावरून ओळखावी. माणसांचा विचार नंतर करता येतो. हे जाणून रायपूरच्या एका खात्याने (नाव घेत नाही, तिथे माझंही काम पडतं) आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 'संबंधसेतू' नावाचा डेटाबेस बनवून घेतला. नावाप्रमाणे सगळा कारभार संबंधांवर. एका तक्त्यात कर्मचारी, दुसऱ्यात त्यांची बायकापोरं, तिसऱ्यात त्यांची आजारपणं, आणि तिन्ही तक्ते एकमेकांना पक्के बांधलेले. इतकं एकोप्याचं कुटुंब आमच्या बूढापारा मोहल्ल्यात तरी माझ्या पाहण्यात नाही.

पहिली आवृत्ती नवा रायपूर या नव्या राजधानीतल्या सभागृहात थाटात सुरू झाली आणि चहा यायच्या आत मागे घेतली गेली, कारण तिने उद्घाटक साहेबांनाच ओळख दाखवली नाही. दुसरी आवृत्ती कमालीची सुरक्षित होती: तिच्यात भरलेली माहिती पुन्हा कोणालाच बाहेर काढता आली नाही. (सुरक्षेचं पारितोषिक तिला त्याच वर्षी मिळालं.) तिसरीची तारीख वारंवार पुढे गेली, पेढे मात्र प्रत्येक तारखेला वेळेवर आले. शेवटी ती आली, आणि येताना एक नवं वैशिष्ट्य घेऊन आली: एखादी नोंद काढली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या सगळ्या नोंदी आपोआप पुसल्या जात. खात्याने याला 'स्वयंस्वच्छता' म्हटलं.

बूढापाऱ्यातले दयाराम मेश्राम या खात्यात ड्रायव्हर होते. हिवाळ्यात छातीत कळ आली आणि ते गेले. खात्याने तत्परतेने त्यांची नोंद काढली. संबंधसेतूने त्याहून तत्परतेने त्यांची बायको माया आणि मुलगी रुचिता यांनाही काढून टाकलं.

हे दोघींना उन्हाळ्यात कळलं. मायाबाईंच्या पित्ताशयात खडे झाले होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लांबवू नका. दवाखान्याच्या खिडकीवरच्या मुलीने खात्याचं मोफत उपचारांचं कार्ड घेतलं, पडद्याकडे पाहिलं आणि परत दिलं.

"आंटी, सिस्टम में आप हैं ही नहीं."

"मंग हे पोट कोनाचं दुखून राह्यलं, बाई?" मायाबाईंनी विचारलं. त्यासाठी वेगळी खिडकी नव्हती.

मायलेकी नवा रायपूरला गेल्या. रस्ते प्रचंड रुंद, बस मात्र क्वचितच दिसावी. प्रकल्पप्रमुख यशदीप हा मूळ नागपूरचा, मराठी बोलणारा, स्वभावाने गोड. त्याने दोघींना पाणी दिलं आणि तपासून समाधानाने सांगितलं, "मावशी, काही बिघाड नाही. सिस्टिम एकदम बरोबर चालून राहिली."

"नवरा गेला तं मीबी गेली का?"

"सिस्टिममध्ये, हव. कुटुंबाच्या तक्त्यात प्रत्येकाच्या वर एक कर्मचारी लागते. तुमच्या वर आता कोणीच नाही."

रुचिता उसळली, "तो पापा को वापस डाल दो!"

तिने ते संतापून म्हटलं होतं. यशदीपचा चेहरा मात्र उजळला. हा उपाय त्याच्या पूर्ण चमूला सुचला नव्हता.

दयाराम हयात असल्याचा अर्ज लगेच तयार झाला. मायाबाई रोज सकाळी बुद्धवंदनेत खोटं न बोलण्याचं शील म्हणत. त्यांचा हात कागदावर थांबला. मग पोटात कळ आली आणि त्यांनी सही केली. दयाराम जिवंत झाले, ऑपरेशन झालं, खडे निघाले. वृत्तपत्रांत 'संबंधसेतूमुळे जीवदान' अशी बातमी आली. जीवदान कोणाला, ते बातमीत नव्हतं.

पण जिवंत माणसाला काम करावं लागतं. दयारामांच्या जगदलपूरला बदलीचा हुकूम निघाला. ते गेले नाहीत. कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी कारण दाखवलं नाही. (एवढं सबळ कारण खात्यात आजवर कोणाकडेच नव्हतं.) विनापरवानगी गैरहजेरीबद्दल त्यांना बडतर्फ करण्यात आलं, नोंद काढण्यात आली, आणि स्वयंस्वच्छता झाली. मायाबाईंचे टाके निघायचे होते. ते ब्राह्मणपाऱ्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी आपण होऊन काढले. त्या फक्त पोटाकडे बघत.

यशदीप स्वतः घरी आला. मनाने चांगलाच होता. "मावशी, पुन्हा एक अर्ज द्या, काकांना परत जिवंत करून टाकू. रुचिताच्या ॲडमिशनलेही कामात येईल."

मायाबाई त्याच्यासाठी चहा टाकत होत्या. त्यांनी गॅस बंद केला.

"मेलेल्या माणसाले तुमी अजून एकदा मारलं, बाबू. वरतून कामचोर म्हटलं. तीस साल त्यानं एक सुट्टी जास्तीची नाही घेतली. आता निजू द्या त्याले. आमी नसलो तं नसलो."

रुचिता उठली आणि आईच्या शेजारी जाऊन उभी राहिली. यशदीपने ही अडचण 'वापरकर्त्याचे असहकार्य' म्हणून नोंदवली आणि बंद केली.

आता चौथी आवृत्ती येत आहे. यश पाहून तीत केवळ कर्मचारी नव्हे, सर्वच नागरिक घेतले आहेत. त्याबद्दलचा संदेश तुमच्या फोनवर आला होता. तुम्ही तो न वाचता 'मान्य' दाबलंत. तुमची नोंद घरातल्या कोणाच्या नावाखाली लागली आहे, हे मला सांगता येणार नाही. तेव्हा आज सगळ्यांना फोन करून तब्येतीची चौकशी करा. एवढ्या काळजीने ती तुम्ही बऱ्याच वर्षांत केलेली नसेल.