शंभर टक्के सुती

गुणाजी तावड्यांनी ट्रंकेतलं कापड ट्रंकेतच राहू द्यायचं ठरवलं. ठरवलं ते एवढंसंच, पण त्यापायी लालबागच्या अख्ख्या टॉवरपुढे त्यांची अब्रू गेली.

पणाला लागला होता तो कमलचा वाफा. चाळ पडली तेव्हा अंगणातली माती तिनं पोत्यांत भरून घेतली होती, आणि टॉवर झाल्यावर ती गच्चीवर पसरली. पाच वर्षं त्या मातीला भाजीची देठं, सुका पाला नि आंबलेलं ताक घालून तिनं वांगी काढली. (नवऱ्याच्या पोटाची इतकी काळजी तिनं कधी केली नाही, असं गुणाजींचं प्रामाणिक मत.) आणि आता सेक्रेटरी हेमचंद्र म्हणत होते, "काकी, ही माती मेलीय. फेकून देऊ, पॅकेटवाली आणू."

कमल दोन दिवस नीट जेवली नाही.

भाची मनाली शेतकी कॉलेजात शिकायची. ती म्हणाली, "मामी, प्रूफ देऊ ना! प्युअर सुती कापड दोन महिने पुरायचं. मातीत जिवाणू असतील तर ते खाऊन टाकतात. मेलेल्या मातीत कापड तसंच राहतं."

हेमचंद्र कबूल झाले.

"सुती ना? ह्यांचं मिलचं कापड आहे की!" कमल म्हणाली.

गुणाजींनी ट्रंकेकडे पाहिलं. संपाच्या आदल्या दिवशी त्यांच्या साच्यावर विणून उतरलेलं ते दीड वार कापड. मिल गेली, साचे भंगारात गेले, सोबतचे एकेक करून गेले. उरलं होतं ते एवढंच. पण बायकोच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना.

"मीच पुरतो," ते म्हणाले. आणि पुरलं भलतंच.

दोन महिन्यांनी सगळी सोसायटी गच्चीवर जमली. हेमचंद्रांनी स्वतः खुरपं चालवलं. कापडाचा धागासुद्धा सापडेना. "जिवंत आहे माझी माती!" म्हणताना कमलचे डोळे भरून आले. टाळ्या पडल्या. तेवढ्यात खुरप्याला अडकून एक मळकट, गोल इलॅस्टिक वर आलं.

"काका," हेमचंद्रांनी गंभीरपणे विचारलं, "मिलच्या कापडाला इलॅस्टिक?"

"सुतीच होती ओ," गुणाजी पुटपुटले. "शंभर टक्के."

वाफा राहिला. हेमचंद्र शब्दाला जागले. कमल मात्र घरी येताच सरळ आत गेली. तिनं ट्रंक उघडली, ते कापड काढलं, त्यावरून सावकाश हात फिरवला. गुणाजींना वाटलं, कळलं हिला सगळं.

कमलनं शिलाई मशीनवरचं झाकण काढलं.

"उभे रहा, माप घेते. एक चड्डी कमी झाली ना तुमची?"